मामाचं सेसना आणि तुमची एफडी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरगा अकरावी सायन्सला, सुट्टीत न्यूझीलंडला मामाकडे गेला, मामाकडे प्रायव्हेट पायलटचं लायसन्स, रविवारी क्लबचं सेसना, म्हणजे छोटं विमान, घेऊन उडतो, त्याने भाच्याला तीन वेळा बाजूला बसवलं आणि इथे गोव्यात साखळी गावात परत आल्यापासून पोरगा दुसरं काही बोलतच नाही. आणि तुम्ही विचारताय, त्याला पायलट करायला एफडी मोडू का?

आत्ता नको.

मामा करतो ती हौस आहे. प्रायव्हेट लायसन्सवर, म्हणजे पीपीएलवर, माणसं बसवून भाडं कमावता येत नाही. पोटासाठी सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स लागतं, त्याला वय १८ आणि २०० तास उड्डाण, पीपीएलला १७ आणि ४० तास. पीपीएलचे तास पुढे सीपीएलला धरतात म्हणून ते वाया जात नाहीत, पण ४० तासांत लायसन्स हातात पडलं असे लोक मला फार भेटले नाहीत, थोडे जास्तच लागतात आणि प्रत्येक तासाचं बिल वेगळं.

आता माझी गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी आयटीत आहे, हौसेने पीपीएल काढलंय, त्याने मला एकदा सेसना १७२ मध्ये बसवलं. आधी सगळ्यांसमोर माझं वजन विचारलं (बायकोला पण मी खरं सांगत नाही). मग आम्ही दोघांनी विमान हाताने ढकलत बाहेर काढलं, हो, हाताने. मग त्याने पंखाखालून थोडं पेट्रोल एका छोट्या प्लॅस्टिकच्या कपात काढलं आणि उजेडात धरलं. निळसर रंग, तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का बघायचं, पाणी जड ना, खाली बसतं, आणि ते इंजिनात गेलं तर वर गेल्यावर गाडीसारखं बाजूला घेऊन बॉनेट उघडता येत नाही. मग ऑइल, टायर, पंखांच्या फळ्या हलतात का, सगळं कागद बघून एकेक. अर्धा तास हेच, आणि उडालो वीस मिनिटं, त्यातली दहा मी डोळे मिटून, कारण दुपारच्या तापलेल्या हवेत छोटं विमान आपल्या चोर्ला घाटातल्या बससारखं हादरतं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ढग खाली उतरलेले. मी पहाटे उठून गेलेलो, तो आकाशाकडे बघून शांतपणे म्हणाला, सर, आज नाही, चहा घेऊया. त्या दिवशी मला त्याच्याबद्दल जास्त आदर वाटला.

मामाने पोराला ही बाजू कितपत दाखवली कोण जाणे, भाचा आला की मामा समुद्रच दाखवणार ना!

म्हणून पैसे घालण्याआधी मेडिकल. पीपीएलला क्लास २, सीपीएलला क्लास १, डॉक्टर डीजीसीएच्या, म्हणजे विमानांच्या सरकारी खात्याच्या, यादीतलाच पाहिजे, फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. चष्मा असला तरी घाबरू नका, पण रंग नीट ओळखता येतात का हे आधीच कळलेलं बरं, फी भरल्यावर कळलं तर हाल.

गोव्यात दाबोळी विमानतळ नेव्हीचा आणि मोपाच्या विमानतळावर मोठी विमानं, त्यामुळे शिकायला बाहेरच बघा. तुम्हाला घाट चढला की बेळगाव जवळ, सांबरा विमानतळावर ट्रेनिंग चालतं, नाहीतर बारामती, धुळे. मामा तिकडे बोलावत असेल तर एवढं ध्यानात ठेवा की बाहेरचं लायसन्स इथे नोकरीसाठी बदलून घ्यायला डीजीसीएचे पेपर द्यावेच लागतात.

पोराला सांगा फिजिक्स, मॅथ्स सोडू नको. उद्या मेडिकलमध्ये अडकलं तरी त्याच दोन विषयांवर पुढे बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग करून एअर ट्रॅफिक कंट्रोलची परीक्षा देता येते. आणि चांगली नोकरी लागल्यावर पस्तिशीत मामासारखं रविवारी उडणं, हे काही हरणं नव्हे. जेआरडी टाटांनी १९३२ चं कराची-मुंबई उड्डाण १९८२ मध्ये पुन्हा केलं, वय ७८, ते काय पगारासाठी?

एक करा, गणपतीची चवथ झाली आणि पाऊस ओसरला की त्याला सांबऱ्याला घेऊन जा, आधी फोन करून विचारा, आणि दिवसभर उडायचं नाही, फक्त तिथली पोरं विमान तपासताना बघायचं. संध्याकाळी घाट उतरताना तो विमानाबद्दल बोलतोय की मोबाइलमध्ये आहे, तेवढं मला लिहून पाठवा.