शेजारच्यांचा आठवडा आणि सुनेचं शिक्षण

प्रश्न : मुलगा अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला युटा विद्यापीठात पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सून बी. फार्म.; लग्नाआधी पुण्यात औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होती, आता एफ-२ व्हिसावर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) घरीच असते. नात दीड वर्षाची. सप्टेंबर-ऑक्टोबर मी त्यांच्याकडे होते. समोरच्या दारात एक तरुण मॉर्मन (ख्रिस्ती धर्मातला एक पंथ) जोडपं राहतं. तो पंचविशीचा, अजून पदवीच शिकतोय. तीही शिकते, चार तास नोकरी करते, दोन लहान मुलं सांभाळते, वर चर्चचं काम. तरी त्यांचं घर हसतं आणि आमच्याकडे रोज धुसफुस. सुनेला पुढे शिकायचंय. मुलाचं होईपर्यंत तिने दम धरावा, असं मला वाटतं. तुमचं मत कळवा. — एक आई, नाशिक

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देते, मग कारणं. सुनेने थांबू नये.

शेजारच्यांबद्दल तुम्ही फार बारकाईने लिहिलंय. सोमवारी संध्याकाळी परीक्षा तोंडावर असली तरी तो मुलगा पुस्तकं मिटून लेकरांसोबत सतरंजीवर बसतो, गाणी म्हणतात, काहीतरी गोड खातात. तुम्ही केलेला चहा त्यांनी घेतला नाही, पण कोकम सरबत दोनदा मागून घेतलं. चहा-कॉफी त्यांच्यात वर्ज्य आहे, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. सोमवारचं म्हणाल, तर आठवड्यातली एक संध्याकाळ कुटुंबाची, हा आग्रह त्यांच्या चर्चने १९१५ पासून धरलाय. पुढे सोमवार ठरला आणि त्या संध्याकाळी चर्चचे इतर कार्यक्रम ठेवायचे नाहीत असा नियम झाला. म्हणजे त्या मुलाला रोज मनाशी झगडून वेळ काढावा लागत नाही. वेळ आधीच राखलेली आहे. रविवारचंही तसंच. दोन तास चर्च, खरेदी बंद. म्हणून शनिवारी कपडे धुणं, बाजार, रविवारचा स्वयंपाक आणि पाळी असेल तेव्हा प्रार्थनागृहाची झाडलोटसुद्धा. तिथे पगारी धर्मगुरू नसतात. त्यांचा बिशप, म्हणजे स्थानिक प्रमुख, दिवसा आपली नोकरी करतो आणि वर्गात मुलांना शिकवण्यापासून पियानो वाजवण्यापर्यंतची कामं सभासदांना वाटून दिलेली असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी त्यांची सर्वसाधारण परिषद भरते, तेव्हा गावात गर्दी झालेली तुम्ही पाहिलीच असेल. त्यांच्या सभागृहात एकवीस हजार माणसं बसतात. महिनाअखेरीला गाड्यांच्या डिक्या भोपळ्यांनी सजवून मुलांना खाऊ वाटतात, जिथून तुमची नात हलायला तयार नव्हती, तेही वॉर्डातल्या माणसांनी मिळून केलेलं असतं.

वॉर्ड म्हणजे ठरलेल्या हद्दीतल्या सभासदांचा गट. तो माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत मोठा भाग आहे. धाकटं बाळ झालं तेव्हा त्या घरी वॉर्डातल्या बायकांनी जेवण पोचवलं असणार. त्यांची महिलांची संघटना १८४२ पासून असली कामं करते आहे. तुमच्या सुनेच्या बाळंतपणाला कोण होतं? तुम्ही किंवा तिची आई. विमान परत निघालं की घरात ती आणि तान्हं मूल, नवरा लॅबमध्ये.

दुसरा फरक व्हिसाचा. शेजारची मुलगी त्या देशाची नागरिक आहे, ती चार तास कुठेही काम करू शकते. एफ-२ वर एक तासही पगारी काम करता येत नाही. पूर्णवेळ पदवीही घेता येत नाही. २०१५ च्या नियमाने मान्यताप्राप्त संस्थेत अर्धवेळ अभ्यासक्रम तेवढा करता येतो. नोकरीत रुळलेली मुलगी एकदम शून्यावर आली, तर धुसफुस होणारच. तिच्या स्वभावावर घेऊ नका.

आणि 'मुलाचं होईपर्यंत' हे दिसतं तेवढं जवळ नाही. पीएचडीला अजून दोन-तीन वर्षं. पुढे त्याला ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, एक वर्ष आणि विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांना मिळणारी आणखी दोन वर्षं काम करता येईल, पण त्या काळातही ती एफ-२ वरच. त्यानंतर त्याला एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला तर तिचा होतो एच-४, म्हणजे त्याच्या जोडीदाराचा. त्यावर पूर्णवेळ शिकता येतं, पण नोकरीची परवानगी नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम एका टप्प्यापर्यंत गेल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे थांबली तर सात-आठ वर्षांची खोट सहज बसेल. लवकर लग्न, लवकर मुलं आणि बायकांची पदवी अर्धी राहणं, ही युटात खुद्द त्यांच्यातही जुनी काळजी आहे. तुम्हाला त्यांचं उघडं दार दिसलं. ती मुलगी रात्री बारानंतर काय वाचत बसते, ते दिसलं नसेल.

तो पंचविशीत पदवीला कसा, याचं तुम्हाला नवल वाटलं. त्यांच्यातले बरेच मुलगे अठरा-एकोणिसाव्या वर्षी दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराच्या कामाला जातात, तेही बहुधा स्वतःच्या किंवा घरच्या पैशाने. परत येऊन शिकतात. त्या वर्षांत काय केलं हे त्यांना नीट सांगता येतं, म्हणून पुढे अडत नाही. सुनेच्या खंडाचंही तसंच होईल, मात्र त्या खंडात दाखवण्यासारखं काहीतरी हवं.

म्हणून जानेवारीच्या सत्रात तिने संख्याशास्त्राचा एकच कोर्स घ्यावा. सॉल्ट लेक कम्युनिटी कॉलेज जवळ आहे. नाव घालण्याआधी मुलाच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्यावं, फी कोणत्या दराने पडेल तेही. विद्यापीठातल्या अनेक विभागांचे पुढच्या ऑगस्टच्या प्रवेशाचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. यंदा घाई करू नये, पुढच्या वर्षी पूर्ण तयारीने भरावा. प्रवेश मिळाला की एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा करून घ्यायचा. मग सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत आवारात कामही करता येतं. क्वालिटी कंट्रोलचा तिचा अनुभव तिथे फुकट जाणार नाही. विद्यापीठाची एआरयूपी ही मोठी निदान प्रयोगशाळा त्याच गावात आहे, मायरिअड जेनेटिक्ससारख्या कंपन्याही आहेत.

मुलाला माझा निरोप द्या. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी साडेपाच ते नऊ मूल त्याचं. गाइडला आजच सांगून ठेवायचं. काम उरलं तर नऊनंतर परत लॅबला जाता येतं. शेजारच्यांच्या फ्रिजवरचा हाताने लिहिलेला आठवड्याचा कागद तुम्ही पाहिलात ना, तसा एक यांच्याही घरी लागू द्या आणि त्यात तिच्या अभ्यासाचे तासही असू द्यात.

शेजारणीने 'गुरुवारी सकाळी नातीला मी बघते' म्हटलं आणि सुनेने संकोचाने नको म्हटलं, हे वाचून मला फार चुटपुट लागली. हो म्हणू द्या तिला. बदल्यात शेजारणीच्या परीक्षेच्या दिवशी तिची दोन मुलं हिने बघायची. धर्माची भीती तुम्ही ओझरती लिहिलीत. ते चर्चला बोलावतीलही. आमचा धर्म आम्हाला आहे असं सरळ सांगितलं की शेजार तुटत नाही. साउथ जॉर्डनला गणपतीचं देऊळ आहे, तिथल्या ओळखीही दिवाळीपुरत्या ठेवू नका.

तुमच्यासाठीही एक काम आहे. सुनेचे बी. फार्म.चे ट्रान्सक्रिप्ट कॉलेज आणि विद्यापीठातून सीलबंद मिळवायला बऱ्याचदा पुण्यात खेटे घालावे लागतात. ती तिथून ते कसं करणार? तिला फोन करा, कोणते कागद आणि किती प्रती लागतील ते विचारा, तिच्या सहीचं अधिकारपत्र मागवा आणि नाशिकहून एकदा जाऊन अर्ज भरून या.