पोटविकारतज्ज्ञ होण्याची वाट

सप्रेम नमस्कार.

फलटणहून आपण पाठवलेले पत्र मिळाले. आजोबांच्या पित्तनलिकेतला खडा पोटावर छेद न देता, दुर्बिणीने काढला गेला, तेव्हापासून अकरावी सायन्सला असलेल्या आपल्या मुलीने ‘गॅस्ट्रो’च, म्हणजे पोटविकारशास्त्रच, करायचे असे मनात घेतले आहे, आणि बारावीनंतर या विषयाला थेट प्रवेश मिळतो का, असे आपण विचारले आहे.

थेट प्रवेश मिळत नाही. आधी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन एमबीबीएस, म्हणजे साडेचार वर्षे आणि एक वर्षाची इंटर्नशिप. मग नीट पीजीतून तीन वर्षांचे एमडी मेडिसिन. त्यानंतर नीट एसएस देऊन तीन वर्षांचे डीएम गॅस्ट्रोएंटरॉलॉजी. एकही वर्ष वाया न जाता साडेअकरा वर्षे होतात, आणि परीक्षांची तयारी व बंधपत्राची सेवा धरली तर सहसा त्याहून अधिक. शस्त्रक्रियेची ओढ वाटली, तर एमएस आणि एमसीएच ही वेगळी वाट आहे. खर्चाची धास्ती आपण लिहिली आहे, म्हणून सांगतो की एमडी आणि डीएम करताना निवासी डॉक्टरांना विद्यावेतन मिळते.

मधले एमडी कशासाठी, हा आपला प्रश्न मला सर्वांत रास्त वाटला. दुर्बीण चालवण्याचे कौशल्य मोठेच आहे: डाव्या हाताने दोन चाके फिरवून टोक वळवायचे, उजव्या हाताने नळी पुढे सरकवायची आणि पिळायची, नजर मात्र पडद्यावर ठेवायची. पण दिसलेल्या जखमेचा अर्थ लावणे त्याहून अवघड असते. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथले व्रण क्षयाचे असू शकतात, तसेच क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराचेही. दोन्ही इतके सारखे दिसतात की आपल्याकडे अनुभवी डॉक्टरही तुकडा तपासल्याशिवाय सहसा बोलत नाहीत, आणि कधी कधी त्या तपासणीनेही निवाडा होत नाही. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले आणि निघाला क्षय, तर तो बळावतो. यकृत निकामी झालेला रुग्ण तर अचानक बरळू लागतो, आणि घरच्यांना ते वेड वाटते. अशा वेळी सगळे शरीर ठाऊक असलेला डॉक्टर लागतो, आणि ती बैठक एमडीत पक्की होते.

नातेवाइकांनी सुचवलेला सहा महिन्यांचा ऑनलाइन ‘गट हेल्थ’ (आतड्यांचे आरोग्य) अभ्यासक्रम करून कोणी डॉक्टर होत नाही. त्यावर पैसे घालू नयेत, हे माझे स्पष्ट मत.

गॅस्ट्रो की आणखी काही, हे तिला एमडी करताना ठरवता येईल. तेव्हा तिचे मत बदलले तरी बिघडत नाही. आज प्रश्न नीटचा आहे. 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे आहेत आणि तो विषय तिच्या आवडीचा आहे. परंतु फिजिक्समध्ये ती मागे पडते असे आपण लिहिता, आणि त्या विषयाचे 180 गुण आहेत. शिकवणी लावायचीच असेल, तर आधी फिजिक्सची लावावी, तीही बारावी सुरू होण्याची वाट न पाहता.