पेंटेकोस्टल चर्च अमेरिकन मिशनऱ्यांनी पैशाच्या जोरावर जगभर पसरवलं, हे खरं आहे का?

अर्धंच खरं आहे. पेंटेकोस्टल म्हणजे पवित्र आत्म्याचा थेट अनुभव येतो असं मानणारा ख्रिस्ती पंथ. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर १९०६ साली विल्यम सेमूर या धर्मोपदेशकाच्या सभा सुरू झाल्या आणि तिथून माणसं देशोदेशी गेली, यात वाद नाही. पण चिलीतल्या पेंटेकोस्टल चर्चची गोष्ट पाहिलीत तर धागा थेट आपल्या केडगावला येऊन पोचतो. नगरजवळचं नव्हे, पुणे-दौंड लोहमार्गावरचं केडगाव. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेल्या असतात, पण त्या धड्यात ही गोष्ट नसते.

मुक्तीत दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली आणि विधवा राहायच्या. १९०५ च्या जानेवारीपासून रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थना सुरू केल्या होत्या. २९ जूनला पहाटे, अजून अंधार असताना, एक मुलगी अंगात आग पेटल्यासारखी ओरडत उठली. सोबतच्या बाईला तिच्या अंगावर ज्वाळा दिसल्या. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. आता ओतणार, तेवढ्यात लक्षात आलं की मुलगी जळतच नाहीये! मग कित्येक दिवस रडणं, पापांची कबुली, तासन्‌तास प्रार्थना. वर्ग बंदच पडले. पुढे काही मुली अन्यभाषांतही, म्हणजे स्वतः न शिकलेल्या, अनोळखी बोलीत, प्रार्थना करू लागल्या. तुम्ही याला काय म्हणायचं ते म्हणा, मी घडलेलं सांगतोय.

हे सगळं जवळून पाहणाऱ्यांत मिनी अब्राम्स ही मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनरी होती. १८८७ साली मुंबईत आलेली, नंतर रमाबाईंकडे राहायला गेलेली. तिने १९०६ मध्ये पवित्र आत्मा आणि अग्नी यांच्या बाप्तिस्म्यावर, म्हणजे माणूस पवित्र आत्म्याने भरून जाण्यावर, एक छोटी पुस्तिका लिहिली. शिकागोच्या प्रशिक्षण शाळेतली तिची एक मैत्रीण, मे लुईस हूवर, तेव्हा चिलीतल्या वालपराईसोला होती. पुस्तिका १९०७ मध्ये तिच्या हाती पडली. तिचा नवरा विलिस हूवर शिक्षणाने डॉक्टर, पण तिथल्या मेथडिस्ट मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, पाळक. १९०६ च्या मोठ्या भूकंपाने वालपराईसो खिळखिळं झालेलं. दोघांनी मंडळीसोबत प्रार्थना सुरू केली आणि १९०९ साली तिथेही रडणं, हसणं, दृष्टान्त, अन्यभाषा असं सगळं सुरू झालं.

मेथडिस्ट वरिष्ठांना हे अर्थातच रुचलं नाही. फेब्रुवारी १९१० च्या परिषदेत हूवरवर आरोप ठेवले गेले आणि काही आठवड्यांत तो बाहेर पडला. सान्तियागोतल्या दोन मंडळ्या त्याआधीच वेगळ्या झाल्या होत्या, त्यांनी त्याला प्रमुख केलं. हीच पुढची मेथडिस्ट पेंटेकोस्टल चर्च.

आता पैशाचं. बाहेर पडताच मिशनचा पैसा थांबला. पाळक झाले ते तिथलेच कामकरी लोक, पाळक घडवणाऱ्या सेमिनरीचं तोंडही न पाहिलेले. गिटार घेऊन रस्त्याने गात जायचं, कोपऱ्यावर थांबून आपली साक्ष सांगायची, दारू कशी सुटली वगैरे. काल ऐकणारा उद्या तिथेच उभा राहून बोलणार. माझ्या मते चर्च वाढलं ते यामुळे. २००२ च्या जनगणनेत चिलीतल्या पंधरा वर्षांवरील सुमारे १५ टक्के लोकांनी स्वतःला इव्हँजेलिकल (तिकडे याचा अर्थ साधारण प्रोटेस्टंट) म्हणवलं, त्यातले बहुसंख्य पेंटेकोस्टल. भांडणंही भरपूर झाली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला खुद्द हूवरच वेगळा निघाला आणि दुसरी मंडळी उभी राहिली.

एक मजेची गोष्ट राहिली. अमेरिकेतले बहुतेक पेंटेकोस्टल म्हणतात की अन्यभाषा आली नाही, तर आत्म्याचा बाप्तिस्मा झालाच नाही. मुक्तीत रमाबाई आणि अब्राम्स असा हट्ट धरत नव्हत्या. चिलीवालेही धरत नाहीत. आणि मेथडिस्टांसारखा तान्ह्या बाळांचा बाप्तिस्माही त्यांनी सोडलेला नाही.