आंधी, धुरळा की धूसर?

प्रश्न असा आलाय की "ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आम्ही घरी सरसकट आंधीच म्हणतो, पण वारा पडल्यावरही दोन दोन दिवस आकाश पिवळट राहतं, त्यालाही आंधीच म्हणायचं का? मराठी शब्द काय?"

आंधी हा शब्द ग्वाल्हेरच्या मराठीत केव्हाच घरचा झालाय, तो काढून मुद्दाम 'धुळीचं वादळ' म्हणायची अजिबात गरज नाही. वावटळ मात्र म्हणू नका, ती गोल फिरते, पाला-कागद उचलते आणि मिनिटाभरात संपते. धुरळा गाडीमागे उडतो नि लगेच बसतो, आणि फुफाटा तर रस्त्यावरचाच, मे महिन्यात पायाला चटका देणारा.

पण तुम्ही विचारताय ते आंधी गेल्यावर मागे राहतं ते. जाड कण लवकर खाली बसतात, दारं-खिडक्या लावूनही ताटांवर जो थर येतो ना तो त्यांचाच, पण काही मायक्रॉनचे बारीक कण दिवसेंदिवस वरच राहतात, थरच्या वाळवंटातून उठून आपल्या डोक्यावरून पार गंगेच्या मैदानापर्यंत जातात, आणि मग आपल्या ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या गच्चीवरून समोरचा किल्लासुद्धा नीट दिसत नाही. याला माझ्या मते नेमका शब्द धूसर. हल्ली आपण तो नुसता अंधुक या अर्थी वापरतो पण संस्कृतात धूसर म्हणजे धुळीच्या रंगाचं, करडं. तेव्हा आंधी 'येते', हवा धूसर 'होते'.

हा फरक मला खरंच महत्त्वाचा वाटतो, कारण हवामानावर परिणाम होतो तो मुख्यतः या तरंगणाऱ्या धुळीचा. ती थोडं ऊन वरच्या वर परतवते, त्यामुळे दिवसा जमीन जरा कमी तापते, थोडं ऊन स्वतः शोषून आजूबाजूची हवा तापवते, आणि जमिनीतून वर जाणारी उष्णता पण अडवते. हिमालयातल्या बर्फावर बसली की बर्फ काळवंडतं आणि लवकर वितळतं. आणि अरबस्तानातली धूळ! ती अरबी समुद्रावरची हवा तापवते, त्याने नैऋत्येचे ओले वारे जोर धरतात आणि आठवडाभरात मध्य भारतात पाऊस वाढतो असं 2014 च्या एका अभ्यासात दिसलंय. 23 जानेवारी 2022 ला मुंबईवर आलेली धूळ पण अशीच लांबची होती, पाकिस्तानकडून समुद्रावरून आलेली, तेव्हा तिथे आंधी नव्हती, हवा धूसर होती.

'धूसरपणा' हे नाम जरा अवघडल्यासारखं वाटतं, म्हणून नाम हवंच असेल तर सरळ 'तरंगती धूळ' लिहा.