भावाच्या वाट्याचे भाडे हे तुमचे उत्पन्न नव्हे

प्रश्न : मी पुण्यातील ६२ वर्षांचा निवृत्त अभियंता आहे. पत्नीसह डी-७ व्हिसावर पोर्तुगालमध्ये राहण्याचा विचार आहे. निवृत्तिवेतन दरमहा ४८,००० रुपये, माझ्या फ्लॅटचे भाडे ४०,००० आणि मी व धाकटा भाऊ यांच्या संयुक्त नावावरील फ्लॅटचे भाडे ५०,००० रुपये माझ्या खात्यात जमा होते. या दुसऱ्या फ्लॅटचा करार दोन वर्षांपूर्वी संपला. भाडेकरू ओळखीचा असल्याने पुन्हा केला नाही. भविष्यनिर्वाह निधीचे ४० लाख बचत खात्यात आहेत. एजंट म्हणतो, एवढी शिल्लक पुरे. आईसाठी वर्षातले सात महिने मला पुण्यात राहावे लागेल. अर्ज करावा का?

उत्तर : आजच्या कागदपत्रांवर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डी-७ व्हिसामध्ये खात्यातील शिल्लक आधाराला उपयोगी पडते. परंतु मुख्य कसोटी असते ती श्रम न करता नियमित येणाऱ्या आणि कायद्याने तुमच्याच असलेल्या उत्पन्नाची. अर्जदारासाठी पोर्तुगालच्या किमान वेतनाइतके आणि पत्नीसाठी त्याच्या निम्मे मासिक उत्पन्न लागते. २०२५ मध्ये हे वेतन ८७० युरो होते, म्हणजे दोघांसाठी १,३०५ युरो. आणि ते दरवर्षी वाढते.

एक युरो शंभर रुपयांचा धरला, तर तुमची १,३८,००० रुपयांची बेरीज या रेषेच्या वर दिसते. मात्र संयुक्त फ्लॅटमध्ये दोघांचा वाटा समान असेल, तर त्या भाड्यातील २५,००० रुपये भावाचे आहेत आणि तुमचे उत्पन्न १,१३,००० रुपयांवर येते. भाडे तुमच्या खात्यात जमा होते म्हणून मालकी बदलत नाही. आजवरच्या प्राप्तिकर विवरणपत्रात तुम्ही पूर्ण भाडे स्वतःचे म्हणून दाखवले असेल, तर ते आधी सनदी लेखापालाकडून तपासून घ्या, कारण हीच विवरणपत्रे अर्जासोबत जातात. व्हिसासाठी भावाकडून हक्कसोडपत्र घेण्याचा विचार मनात आला असेल, तर तो सोडा. कुटुंबातील मालमत्तेची वाटणी परदेशाच्या अर्जाच्या सोयीने करू नये.

उरलेली तूट भविष्यनिर्वाह निधीतून भरून निघू शकते. चाळीस लाखांची मुदत ठेव सात टक्क्यांनी केल्यास दरमहा सुमारे २३,००० रुपये व्याज येते आणि बेरीज १,३६,००० होते. रुपया थोडा घसरला तरी हे अंतर संपते, म्हणून पत्नीच्या नावावरील ठेवी व तिच्या उत्पन्नाचे कागदही सोबत ठेवा.

त्याहून तातडीचा प्रश्न संपलेल्या कराराचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. त्यात कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि वाद झाल्यास अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तुम्ही परदेशी असताना हा धोका दुप्पट होतो. तेव्हा भावासह नवा करार करून तो नोंदवा आणि यापुढे भाडे दोघांच्या खात्यांत वाट्याप्रमाणे घ्या.

जुन्या कंपनीला सल्ला देऊन मानधन मिळत असेल, तर ते या हिशेबात धरू नका. दूरस्थ कामासाठी डी-८ हा वेगळा मार्ग असून त्याची उत्पन्नाची अट किमान वेतनाच्या चौपट आहे.

आता सर्वांत अवघड मुद्दा. व्हिसानंतर मिळणारा पहिला निवासपरवाना दोन वर्षांचा असतो, आणि त्या काळात सलग सहा महिन्यांहून किंवा तुटक मिळून आठ महिन्यांहून अधिक काळ सबळ कारणाविना देशाबाहेर राहिल्यास तो रद्द होऊ शकतो. तुम्ही म्हणता त्याप्रमाणे दोन वर्षांत चौदा महिने पुण्यात काढल्यास ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाईल. गंभीर कारण पुराव्यानिशी मांडता येते. पण दरवर्षीचे नियोजित वास्तव्य त्याच आधारावर समर्थनीय ठरेल, अशा भरवशावर घर आवरू नका. आईजवळ राहणे तुमच्यासाठी आवश्यक असेल, आणि तुमच्या पत्रावरून ते आहेच, तर अर्ज पुढे ढकला. तोवर करार नोंदवा, ठेव करा आणि दुरुस्त आकड्यांचे किमान एक विवरणपत्र भरा.