रात्री बारापर्यंतची ट्रेडमिल

प्रश्न: मी ४१ वर्षांची, नोकरी करते. घरी ट्रेडमिल घ्यायची आहे. सोबत पाठवलेल्या जाहिरातीतली ऑफर आज रात्री बारा वाजता संपते: १२ बिनव्याजी हप्ते, किंवा एकरकमी रोख दिल्यास ६ टक्के सूट. रोख द्यायची तर अडीअडचणीसाठी ठेवलेली ठेव मोडावी लागेल. तिच्यात चार महिन्यांचा घरखर्च आहे, त्यातला सव्वा महिन्याचा जाईल. मैत्रीण म्हणते, जाहिराती आपल्या मेंदूतल्या सरड्याशी बोलतात, तू फसतेयस. काय करू?

उत्तर: आज रात्री काहीच घेऊ नका. ट्रेडमिल घ्यायला माझी हरकत नाही, या घाईला आहे.

आधी हिशेब. छापील किंमत १०० धरा. रोख देणाऱ्याला तीच वस्तू ९४ ला मिळते, म्हणजे तिची खरी किंमत ९४. हप्ते घेतलेत तर तुम्ही ९४ उसने घेऊन दरमहा ८.३३ प्रमाणे १०० फेडणार. वर सहाच गेले, म्हणून व्याज सहा टक्क्यांच्या आसपास असेल असं वाटतं. पण मुद्दल पहिल्या महिन्यापासूनच परत जायला लागतं, वर्षभरात सरासरी निम्म्याच्या आसपासच रक्कम तुमच्याकडे वापरायला राहते. त्यामुळे वार्षिक दर पडतो साडेअकरा टक्क्यांच्या घरात. प्रोसेसिंग फी असली तर आणखी वर. व्याज आहेच, फक्त ते न मिळालेल्या सुटीत दडवलंय.

मग ठेव मोडून सूट घ्यावी का? तुमच्या ठेवीवर याहून कमी व्याज मिळत असेल तर कागदावर तेच फायद्याचं. पण ती ठेव व्याज मिळवायला ठेवलेलीच नाही. नोकरी गेली किंवा घरात आजारपण निघालं तर हात पसरावा लागू नये म्हणून ती आहे. नोकरदाराला मी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगते; तुमच्याकडे चारच आहेत, आणि तुम्ही पावणेतीनवर यायला निघाला आहात.

आता मैत्रिणीचा सरडा. मेंदूचे तीन थर, तळाशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा, मधे भावनांचा, वर विचारांचा, ही मांडणी मेंदूशास्त्रज्ञ पॉल मॅक्लीन यांची, १९६०च्या दशकातली. मार्केटिंगवाल्यांचा तिच्यावर फार जीव, कारण स्लाइडवर ती झकास दिसते. मेंदूशास्त्राने ती केव्हाच मागे टाकली. उत्क्रांतीत असे मजल्यावर मजले चढले नाहीत आणि कुठलाही निर्णय एकट्या एका थरात होत नाही. शिवाय भावनेला सरसकट शत्रू ठरवण्यातही अर्थ नाही. मेंदूविकारतज्ज्ञ अँटोनियो दामासिओ यांनी मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले रुग्ण अभ्यासले. त्यांची बुद्धी शाबूत होती, भावना बोथट झालेल्या होत्या, आणि साधे रोजचे निर्णय त्यांना घेता येत नव्हते.

तरीही मैत्रीण अगदीच चुकीचं बोलत नाहीये. मेंदूचे अभ्यासक ब्रायन नटसन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसाला आधी वस्तू दाखवायची, मग किंमत, मग विचारायचं, घेणार का? वस्तू आवडली की न्यूक्लिअस अक्युम्बन्स हा बक्षिसाच्या अपेक्षेशी निगडित भाग सक्रिय होई. किंमत अवाच्या सवा वाटली की मेंदूतला इन्सुला नावाचा भाग जागा होई, आणि हा भाग वेदना व किळस यांच्या वेळीही जागा होतो. या दोन्हींवरून खरेदीचा अंदाज काही प्रमाणात आधीच बांधता येई.

ही माहिती मनात ठेवून मी तुमची जाहिरात दोनदा पाहिली. सुरुवातीला धावणारी, हसणारी, सडपातळ बाई, हे आमिष. मग छातीवर हात ठेवलेला माणूस आणि कापणारी ईसीजीची रेघ; ही भीती. त्यानंतर मोटरची ताकद, पट्ट्याची रुंदी, प्रोग्रॅमची संख्या. हा भाग तुमच्या विचारी मनासाठी, म्हणजे उद्या नवऱ्याला सांगायला कारण तयार. पूर्ण किंमत मात्र शेवटपर्यंत दिसतच नाही. ‘दिवसाला फक्त’ एवढाच आकडा. बोचणारी गोष्ट अशी ३६५ तुकड्यांत कापली की बोच जवळपास जाणवत नाही.

राहिलं ते घड्याळ. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलं, की मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख मोठं असतं. सूट अजून तुमची झालेलीच नाही, पण उलटे सेकंद मोजणारं घड्याळ ती तुमच्या हातातून निसटतेय असं भासवतं. २०१० च्या एका अभ्यासात, अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भीतीशी निगडित भाग, निकामी झालेल्या दोन रुग्णांमध्ये ही तोट्याची धास्ती दिसली नाही. तुमचा अमिग्डाला ठणठणीत आहे, म्हणून तर तुम्ही मला घाईने लिहिलंत. बाकी अशा ऑफर बऱ्याचदा दोन दिवसांनी नव्या नावाने परत येतात.

हप्ता साधारण महिन्याच्या घरखर्चाच्या नवव्या हिश्श्याएवढा बसतो. तो पुढचे चार महिने वेगळ्या खात्यात टाका. त्याच चार महिन्यांत रोज अर्धा तास बाहेर चाला. चालणं आणि भरणा दोन्ही टिकले, तर एक तृतीयांश किंमत हातात असेल. मध्येच कंटाळलात तर ते पैसे ठेवीत जमा करा, तिला गरज आहेच. काटेकोरपणे आधी ठेव पूर्ण करा असंच मी सांगायला हवं, पण चालायची हौस आलीच आहे तर ती वर्षभर पुढे ढकलायला सांगणं मला पटत नाही.

चार महिन्यांनी दुकानात जाण्याआधी वापरलेल्या ट्रेडमिलच्या जाहिराती चाळा. ‘जेमतेम वापरलेली’ असं लिहिलेल्या बऱ्याच दिसतील. त्यातली एखादी तुमच्या साठलेल्या पैशात बसते का बघा, आणि विकणाऱ्याला ती का विकताय हे जरूर विचारा.