पट्टीवरची दुसरी रेघ
वाचकांचे प्रश्न : दिवस राहण्यासाठी घरच्या घरी करायच्या चाचण्या

प्रश्न : माझं वय 29. पाच महिने आम्ही चान्स घेतोय. पाळी 27 ते 31 दिवसांनी येते. मेडिकलमधून ओव्ह्युलेशनच्या (बीज सुटण्याच्या) पाच पट्ट्यांचं पाकीट आणलं आणि अकराव्या दिवसापासून रोज सकाळी उठल्या उठल्या टेस्ट केली. पाचही दिवस दुसरी रेघ फिकटच आली. माझं बीज तयार होत नाही का? (सांगली)

उत्तर : पाच फिकट पट्ट्यांवरून असा निष्कर्ष काढता येत नाही. तुमच्या बाबतीत बहुधा पट्ट्या संपल्यानंतर बीज सुटलं असेल.

ही पट्टी लघवीतलं एलएच नावाचं संप्रेरक मोजते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी ते सोडते. एरवी ते थोडं असतंच. बीज सुटायच्या आधी ते एकदम उसळतं, आणि लघवीत ही उसळी दिसली की साधारण 24 ते 36 तासांत बीज बाहेर पडतं. गरोदरपणाच्या पट्टीवर फिकट रेघसुद्धा होकार समजतात, पण इथे तो नियम लागू नाही. ‘टी’ची (तपासणीची) रेघ ‘सी’च्या (तुलनेसाठी असलेल्या) रेघेइतकी गडद किंवा तिच्याहून गडद झाली तरच पॉझिटिव्ह. फिकट रेघ म्हणजे एलएच नेहमीइतकंच आहे, एवढंच.

आता हिशेब बघा. मागच्या सहा महिन्यांतली सगळ्यात छोटी पाळी घ्यायची आणि त्यातून 17 वजा करायचे. तुमचे 27 वजा 17, म्हणजे दहावा दिवस. रक्तस्राव नीट सुरू झाला तो दिवस पहिला. पण एखाद्या महिन्यात तुमची पाळी 31 दिवसांची असेल, तर बीज सतराव्या दिवसाच्या आसपास सुटेल आणि उसळी पंधराव्या-सोळाव्या दिवशी दिसेल. म्हणजे दहाव्यापासून सोळाव्यापर्यंत सात पट्ट्या हव्यात. पाचाचं पाकीट काटेकोर 28 दिवसांच्या पाळीला पुरतं. तुमच्यासारखीला दोन पाकिटं लागतात. दुकानात हे कुणी सांगत नाही आणि बायका उगाच धास्तावतात.

दुसरी चूक वेळेची. ही उसळी बऱ्याचदा पहाटे रक्तात सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास जातात. म्हणून सकाळची पहिली लघवी नको. सकाळी 10 ते रात्री 8 मधली एक वेळ ठरवा आणि रोज तीच पाळा. त्याआधी दोन तास पाणी कमी प्या आणि टेस्टच्या आधी किमान दोन तास, जमलं तर चार तास, लघवीला जाऊ नका. उन्हाळ्यात तांब्याभर पाणी पिऊन टेस्ट केली तर लघवी पातळ होते आणि खरी उसळीही फिकट दिसते.

लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत घ्या. वाटी साबणाने धुतली असेल तर साबणाचा अंश राहू देऊ नका. पट्टी बाणाखालच्या रेघेपर्यंतच बुडवा. पाकिटावर सांगितलेले सेकंद मोजा, मग ती आडवी, सपाट जागी ठेवा. ड्रॉपरचं किट असेल तर सांगितलेलेच थेंब टाका. बहुतेक किट पाच मिनिटांनी वाचायचे असतात आणि दहा मिनिटांनंतर नाही. वाळल्यावर रेघ गडद वाटू लागते. ‘सी’ची रेघच उमटली नाही तर ती पट्टी फुकट गेली, दुसरी घ्या.

पट्टी पॉझिटिव्ह आली की त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस संबंध ठेवा. त्यानंतर त्या महिन्यात टेस्ट करायची गरज नाही.

या पट्ट्या घ्याव्यात का? पाळी नियमित असेल, नवरा-बायको एकत्र राहत असतील आणि दर एक-दोन दिवसांआड संबंध येत असतील, तर नसल्या तरी चालतात. बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे एकूण सहा दिवस कामाचे असतात, आणि त्यातही आधीचे दोन सर्वांत मोलाचे. दिवसाआड संबंध असेल तर हे दिवस आपोआप सापडतात. अशा पट्ट्यांवर झालेल्या अभ्यासांचा 2023 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. चाळिशीच्या आतल्या, प्रयत्नांना वर्षही न झालेल्या स्त्रियांना त्यांचा थोडा फायदा होतो, असं त्यातून दिसलं. म्हणून वापरायला हरकत नाही. पण पट्टी हिरवा दिवा देईल तेव्हाच जवळ यायचं, असा नियम केलात तर ताण येतो आणि कित्येक घरांत नेमक्या त्या रात्रीच सगळं बिनसतं.

प्रश्न : मिस्टर नाशिकला असतात, मी धुळ्याला. शनिवार-रविवारीच भेट होते. पट्ट्यांचा काही उपयोग होईल का? (धुळे)

उत्तर : तुमच्यासाठीच त्या खऱ्या कामाच्या आहेत. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, बीज मात्र 12 ते 24 तासच. म्हणजे पट्टी सोमवारी-मंगळवारी पॉझिटिव्ह आली तर शनिवार-रविवारची भेट वाया जात नाही. पंचाईत होते ती बुधवार-गुरुवारी पॉझिटिव्ह आली तर. तेव्हा पुढच्या शनिवारची वाट बघू नका, बीज तोवर राहत नाही. दोघांपैकी एकाने त्याच संध्याकाळची बस धरा. दोन-तीन महिने पट्ट्या केल्यात की तुमचा दिवस साधारण कधी येतो ते कळेल, आणि रजा आधी टाकता येईल.

प्रश्न : मला पीसीओडी आहे. पाळी कधी 40, कधी 60 दिवसांनी. पट्टी आठ-आठ दिवस पॉझिटिव्ह दाखवते. महिन्याला दोन-तीन पाकिटं संपतात. (ठाणे)

उत्तर : पट्ट्या बंद करा, ते पैसे तपासणीला लावा. पीसीओडीत, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने बीज नियमित सुटत नाही त्या त्रासात, काहींचं एलएच मुळातच चढलेलं असतं. त्यामुळे बीज सुटत नसतानाही रेघ गडद येते. काहींच्या बाबतीत ते वारंवार उसळतं, पण बीज सुटतच नाही. पट्टी फक्त संप्रेरकाची उसळी बघते, पुढे बीज बाहेर पडलं की नाही हे तिला कळत नाही.

पाळी 35 दिवसांच्या पुढे जात असेल तर वर्षभर थांबायचं नसतं, लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. डॉक्टर सोनोग्राफीने फॉलिक्युलर स्टडी करतील, म्हणजे बीज वाढतंय का आणि फुटतंय का हे प्रत्यक्ष बघतील. बीज सुटल्यावर वाढणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरकही रक्तात तपासता येतं. ‘एकविसाव्या दिवशी’ असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, पण ते 28 दिवसांच्या पाळीचं गणित आहे. खरी वेळ म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. मिलिलिटरला 3 नॅनोग्रॅमच्या वर आलं की बीज सुटल्याचं कळतं. तुमच्यासारख्या लांब आणि बदलत्या पाळीत एकविसाव्या दिवशी ही तपासणी केली तर ती कमी येणारच.

वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्क्यांनी कमी झालं तरी अनेकींची पाळी रुळावर येते. सत्तर किलो असाल तर साडेतीन ते सात किलो.

बीज तयार होण्यासाठीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तरीही पट्टी वापरायची असेल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. क्लोमिफीनच्या गोळ्यांनी एलएच वर जातं, म्हणून शेवटच्या गोळीनंतर तीन दिवस सोडून टेस्ट सुरू करा. आणि बीज फुटण्यासाठी एचसीजीचं (गरोदरपणाची पट्टी जे संप्रेरक ओळखते त्याचं) इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे गरोदरपणाची टेस्ट करू नका. इंजेक्शनचंच एचसीजी पट्टीवर दिसतं, घरात पेढे वाटले जातात, आणि मग पाळी येते. त्या मुलीला त्या दिवशी काय सोसावं लागतं, ते टाळता येण्यासारखं आहे.

प्रश्न : वय 33. तीन महिन्यांपासून प्रयत्न करतोय. ‘फर्टिलिटी पॅकेज’ घेतलं, लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. एएमएच 0.9 आलं. दोन रात्री झोप नाही. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करावं लागेल का? (पुणे)

उत्तर : या आकड्यावरून नाही. एएमएच हे अंडाशयात शिल्लक असलेल्या बीजांच्या संख्येचा अंदाज देतं. बीजाचा दर्जा त्यातून कळत नाही, आणि नैसर्गिकरीत्या दिवस राहतील का हेही नाही. अमेरिकेत 30 ते 44 वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या स्त्रियांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. एएमएच कमी असलेल्यांना आणि नॉर्मल असलेल्यांना दिवस राहण्याच्या शक्यतेत त्यात लक्षणीय फरक दिसला नाही. महिन्याला बीज एकच लागतं, कोठारात किती उरली आहेत याने त्या महिन्याला फारसा फरक पडत नाही.

मग ही टेस्ट कशाला असते? आयव्हीएफमध्ये इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देईल आणि डोस किती ठेवायचा, हे ठरवायला. तीन महिनेच झालेल्या जोडप्याला ती विकणं आम्हाला पटत नाही. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील तर आकडा थोडा कमीही येऊ शकतो. परदेशातून ज्या वाचक लिहितात त्यांच्यासाठी : मिलिलिटरला 1 नॅनोग्रॅम म्हणजे लिटरला 7.14 पिकोमोल. तिथल्या रिपोर्टचा आकडा इथल्याशी थेट ताडून बघू नका.

एक गोष्ट मात्र घ्या : दुसरं मूलही हवं असेल तर फार वर्षं पुढे ढकलू नका.

याच पैशांत जास्त उपयोगी तपासण्या होतात. थायरॉइडचं टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर, रुबेलाची प्रतिकारशक्ती, आणि थॅलेसेमियासाठी एचबीएटू. थॅलेसेमियाची शक्यतो दोघांचीही करा. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागातलं कुटुंब असेल तर सिकलसेलचीही. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर एक महिना दिवस राहू देऊ नका. फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, थायरॉइडसारखे रिपोर्ट त्याने चुकतात.

प्रश्न : मुलाच्या लग्नाला तीन वर्षं झाली, दीड वर्ष प्रयत्न चालू आहेत. सून 35 वर्षांची आहे. मुलाने ऑनलाइन किट मागवून घरीच तपासलं, नॉर्मल आलं. आता सुनेलाच मोठ्या डॉक्टरांकडे न्यावं म्हणते. (सोलापूर)

उत्तर : काकू, न्यायचंच, पण दोघांना, आणि याच आठवड्यात. बाईचं वय 35च्या आत असेल तर एक वर्ष, पस्तिशीनंतर सहा महिने, चाळिशीनंतर वाट बघायचीच नाही, असा साधारण नियम आहे. तुमच्याकडे दीड वर्ष गेलं.

मुलाच्या किटने काय तपासलं ते बघा. असे बरेच किट एका मिलिलिटरमध्ये शुक्राणू ठरावीक संख्येच्या, बहुधा दीड-दोन कोटींच्या, वर आहेत की नाहीत एवढंच सांगतात. ते पोहतात का, आकार कसा आहे, एकूण वीर्य किती, यातलं काही नाही. संख्या भरपूर आणि हालचाल जवळजवळ नाही, असंही असू शकतं, आणि किट त्याला नॉर्मलच म्हणेल. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. म्हणून सुनेच्या पोटात दुर्बीण घालण्याआधी मुलाची लॅबमधली वीर्यतपासणी करा. सगळ्यांत स्वस्त आणि न दुखणारी तपासणी तीच आहे.

त्याने दोन ते सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन टाळावं. नमुना लॅबनेच दिलेल्या रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीत घ्यायचा. साधा निरोध, तेल, साबण, थुंकी काही नको, त्याने शुक्राणू मरतात. पहिला भाग सांडला तर लाज न बाळगता सांगावं, कारण शुक्राणू त्यातच जास्त असतात. घरून नेत असेल तर डबी शर्टच्या आत अंगाशी धरून तासाभरात पोचवायची, बर्फात नाही. मागच्या तीन महिन्यांत डेंगी, टायफॉइडचा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगायचं. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून एक रिपोर्ट वाईट आला तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करतात. आणि जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली असतील तर ते लपवू नये. त्यांनी शरीर शुक्राणू तयार करणंच थांबवू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या पुस्तिकेतल्या खालच्या मर्यादा अशा : वीर्य 1.4 मिलिलिटर, मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू, हालचाल एकूण 42 टक्के, नॉर्मल आकाराचे 4 टक्के. हा शेवटचा आकडा वाचून ‘96 टक्के खराब’ म्हणून घरात रडारड होते. चार टक्के पुरेसे असतात.

सुनेच्या गर्भनलिका उघड्या आहेत का, हे कुठल्याच घरगुती किटला कळत नाही. त्यासाठी एचएसजी नावाचा एक्स-रे काढतात. आपल्याकडे पोटातल्या क्षयाने नळ्या बंद झालेल्या अनेक बायका आढळतात, आणि त्यांना कधीकधी खोकलाही झालेला नसतो. सुनेला पूर्वी टीबी झाला होता का, हे डॉक्टर विचारतील. ते तिला एकटीला बोलू द्या.

प्रश्न : थर्मामीटरने बीज सुटल्याचं कळतं का? (रत्नागिरी)

उत्तर : कळतं, पण उशिरा. बीज सुटल्यावर शरीराचं तापमान 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअसने वाढतं आणि पाळीपर्यंत वर राहतं. वाढ दिसते तेव्हा त्या महिन्याची वेळ गेलेली असते. शिवाय अंथरुणातून उठण्याआधी, रोज एकाच वेळी, दोन दशांश दाखवणाऱ्या थर्मामीटरने मोजावं लागतं. त्यापेक्षा अंगावरून जाणाऱ्या स्रावाकडे लक्ष द्या. अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, दोन बोटांत ताणला तर तुटत नाही असा झाला की दिवस जवळ आले. याला पैसे लागत नाहीत.

प्रश्न : उरलेल्या पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवू का? (नागपूर)

उत्तर : गरज नाही. बहुतेक पट्ट्यांना 2 ते 30 अंश चालतात, पण नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते, तेव्हा घरातली सगळ्यांत थंड, कोरडी जागा शोधा. बाथरूममधलं कपाट नको. फ्रिजमध्ये ठेवलीच तर पाकीट न फोडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा, नाहीतर पट्टीवर दमट थर बसतो. फोडलेली पट्टी त्याच दिवशी वापरा, आणि पाकिटावरची मुदत बघून घ्या.